पांढऱ्या माश्यांची साक्ष

१

पेट्या जागच्या जागी होत्या, आणि तरी चोरी झाली होती.

फुलांनी लगडलेल्या सफरचंदाच्या झाडांखाली मधमाश्यांच्या पेट्या कालच्यासारख्याच ओळीने मांडलेल्या होत्या. काल जितक्या होत्या तितक्याच, तोंडं तशीच नदीकडे. मावशी कुंपणाच्या तारेशी उभी राहून बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने शेजारी उभ्या असलेल्या भाचीचा दंड असा काही आवळला की ती कळवळलीच.

"चोंबडे, ह्या माझ्या नाहीत."

सगळं गाव जिला 'वकीलबाई' म्हणून मान देत होतं, तिला मावशी लहानपणापासून चोंबडी म्हणायची. नाक खुपसल्याशिवाय पोरीला चैन पडत नाही, अशी तिची जुनी तक्रार. नाक खुपसायचेच पैसे मिळतात असा धंदा भाचीने शोधला, तेव्हा तिच्या आईने कपाळावर हात मारला होता आणि मावशी पोट धरून हसली होती.

आज मावशी हसत नव्हती.

"नीट बघ," वकीलबाई म्हणाल्या. "लाकूड तेच, आकार तोच."

"पेटी मी नाकाने ओळखते. आणि तुला डोळे आहेत ना? डाग बघ."

वकीलबाईंनी तारेवरून वाकून पाहिलं. मावशीच्या पेट्यांवर राज्याची हद्द ओलांडणाऱ्या पेट्यांना केंद्र सरकार देतं तो डाग होता: तापल्या लोखंडाने उठवलेली कमान. समोरच्या पेट्यांवर कमान नव्हती. पाच पाकळ्यांचं फूल होतं. ते इथल्या मधपाळ संघाचं.

सगळा खटला त्या डागावरच तर उभा होता.

खटला असा होता. नदी ही दोन राज्यांची हद्द. मावशी फुलांच्या मागे फिरायची. आधी पलीकडची मोहरी, मग अलीकडची सफरचंदं, मग पुन्हा पलीकडची सूर्यफुलं. माश्यांशिवाय फळ धरत नाही, म्हणून बागाईतदार तिला बोलावून नेत. फिरत्या पेट्यांसाठी संसदेने कायदा केला होता आणि त्या कायद्याचा परवाना मावशीकडे होता. पण यंदा ती नदी ओलांडून आल्यावर इथल्या राज्याने फतवा काढला: आमच्या मधपाळ संघाचा सभासद असेल त्यानेच आमच्या बागांत पेटी ठेवायची. मावशीच्या पेट्या जप्त झाल्या.

भाची कोर्टात कडाडली होती. राज्याराज्यांमधला व्यापार कसा चालायचा ते ठरवण्याचा अधिकार राज्यघटनेने संसदेला दिलाय. संसद 'या' म्हणते आणि राज्य दार लावून घेतं, हे चालायचं नाही! सरकारी वकिलांनी शांतपणे चष्मा पुसला आणि एकच खुसपट काढलं. संसदेचा अधिकार हद्द ओलांडणाऱ्या मालावर. बाईंनी ह्या माश्या इथेच, अलीकडच्या काठावर विकत घेतल्या. हद्द ओलांडलीच नाही, तर हा आमचा घरचा मामला.

तेव्हा प्रश्न एवढाच उरला: पेट्या नदी ओलांडून आल्या की नाही? न्यायाधीश म्हणाले, मी स्वतः येऊन बघतो. तोवर पेट्या बागाईतदाराच्या ताब्यात राहतील आणि मावशी त्यांना हात लावणार नाही.

ते आज दुपारी येणार होते, आणि त्यांना दिसणार होतं फूल.

"पेट्या गेल्या तर मी एक वेळ पुन्हा उभ्या करीन," मावशी म्हणाली. "पण मी खोटारडी ठरणार गं. पुन्हा कुठल्या बागेत कोण उभं करणार मला?"

वकीलबाई मनाशी हिशेब मांडू लागल्या. पेट्या अंधार पडता पडता हलवल्या असणार, माश्या घरी परतल्यावर. आणि काल नेमका त्याच वेळी वाऱ्याने घोळ घातला होता. अलीकडच्या सगळ्या गावाचे दिवे गेले. मावशीच्या भाड्याच्या खोलीत मेणबत्तीवर युक्तिवाद वाचताना खिडकीतून नदीपलीकडचा लखलखाट दिसत होता, आणि वकीलबाईंनी त्या काठाला मनातल्या मनात चार शिव्याही हासडल्या होत्या.

अंधारात कोण आलं होतं बागेत?

२

बागाईतदार धावतच आला. गोल चेहऱ्याचा, बोलका माणूस. मावशीला त्यानेच बोलावलं होतं आणि खटल्यात तिच्या बाजूने तो दोन शब्द बोललाही होता. त्याने खुर्च्या मागवल्या, चहा मागवला, हळहळला.

"ताई, मला मेली सगळी पेटाडं सारखीच दिसतात हो! डाग कमानीचा की फुलाचा, मी कधी बघितलाच नाही. माझं लक्ष झाडांवर."

"काल संध्याकाळी बागेत कोणी शिरलेलं दिसलं?" वकीलबाईंनी विचारलं.

"छे! नदीच्या अंगाला कुंपण मोडलंय, तिथून कोणीही येईल. मी तर निवांत वाऱ्यावर बसलो होतो. पलीकडचा काठ एकदम गुडूप झाला, तेव्हा म्हटलं, गेले वाटतं दिवे. मग जेवलो आणि झोपलो."

"तुमचा संशय कुणावर?"

त्याने आवाज उतरवला. "फूल कुणाचं आहे? संघाचं. संघाचा अध्यक्ष कोण, ते मी कशाला सांगू? शिवाय ताई जिंकल्या तर कुणाचं दुकान बसेल, तेही उघडच आहे."

चहा पिता पिता त्याने समोरच्या काठावरचं लाल कौलांचं घर दाखवलं. "ते माझ्या मेहुण्याचं. दिसतंय हाकेवर, पण पुलावरून वळसा घालून जायचं म्हणजे कंबर मोडते. माझी बायको तिथलीच. बायको तेवढी पलीकडची चालली आपल्या सरकारला, फळ नाही चालत!" आणि आपल्याच विनोदावर तो मनमुराद हसला.

मावशीही कसनुशी हसली. एवढ्या भल्या माणसाच्या बागेत आपल्यामुळे लचांड आलं, म्हणून तिलाच ओशाळल्यासारखं झालं होतं.

३

पुलाच्या अलीकडच्या टोकाला फतव्यानंतर बसवलेलं नाकं होतं आणि नाक्यावर नाकेदार. मिशा पिळदार, शर्टाचं एक बटण तुटलेलं.

"काल पुलावरून एकही पेटी आली नाही," तो छाती काढून म्हणाला. "अलीकडे येणारी प्रत्येक गाडी मी उघडून बघतो. माझ्या डोळ्यांतून मुंगीदेखील सुटत नाही."

"दिवे गेले तेव्हासुद्धा?"

नाकेदाराने मिशी पिळायची थांबवली. "तेव्हा म्हणजे... कंदील सापडत नव्हता. पण अनोळखी गाडी एक नाही सोडली, आईशपथ! रोजच्याच होत्या. दूधवाला, डॉक्टर, शीतगृहातलं फळ पलीकडे टाकून परतणारे बागाईतदारांचे रिकामे टेम्पो."

"आणि पलीकडे जाणाऱ्या गाड्या?"

"जाणाऱ्याला कोण विचारतंय बाई? आपला माल बाहेर जातोय तर जाऊ दे की. बाहेरचा आत यायला नको."

तिथून त्या मधपाळ संघाच्या कचेरीत गेल्या. अध्यक्ष म्हणजे सुकलेला, ताठ म्हातारा. भिंतीवर त्याच्या हातून बक्षिसं घेणाऱ्यांचे फोटो. खटल्यात मावशीविरुद्धच्या साक्षीदारांत पहिलं नाव त्याचंच होतं.

"माश्या चोरायचं वय राहिलं नाही माझं," तो गुरगुरला.

"मग तुमच्या फुलाच्या पेट्या माझ्या मावशीच्या जागेवर काय करतायत?"

"माझ्या?" म्हातारा उठला. "कसल्या पेट्या? झाकण कसलं?"

"पत्र्याचं. कोपरे पितळी पट्टीने मढवलेले."

अध्यक्षाचा चेहरा खर्रकन उतरला. तो पुन्हा खुर्चीत बसला.

"पितळी पट्टी मीच मारतो," तो म्हणाला. "त्या माझ्याच होत्या. पण मी त्या गेल्या हंगामात विकल्या."

"कुणाला?"

"ते मी सांगणार नाही."

"तुमच्यावर चोरीचा आळ येतोय, कळतंय ना तुम्हाला?"

"येऊ दे!" म्हातारा ओरडला. "जा तुम्ही!"

४

"तोच आहे!" बागेकडे परतताना वकीलबाई झपाझप चालत होत्या. "कारण आहे, पेट्या त्याच्या आहेत, आणि तोंड शिवून बसलाय. आणखी काय हवं?"

मावशी कुंपणाशी थांबली. सकाळी सगळं शांत होतं. आता ऊन चढलं होतं, आणि फुलाच्या डागाच्या पेट्यांपुढे गवतात मेलेल्या माश्यांचा सडा पडला होता. प्रत्येक पेटीच्या तोंडाशी झटापट चालली होती. हवेत माश्या घिरट्या घालत होत्या, उतरत होत्या, हुसकावल्या जात होत्या, पुन्हा उतरत होत्या.

"ह्या माझ्या," मावशी हळूच म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "घरी आल्यात गं बिचाऱ्या. आणि घरात परके."

"म्हणजे?"

"अगं, माशीला पेटी ठाऊक नसते, जागा ठाऊक असते. पेटी जवळपास कुठे हलवली, तर सकाळी चरायला गेलेली माशी परत येते ती जुन्या जागेवरच. म्हणून आम्ही हलवतो तेव्हा लांब नेतो, तिला एकही ओळखीचं झाड दिसणार नाही इतकं लांब. हे आमच्यात शेंबड्या पोराला माहीत असतं."

वकीलबाई थबकल्या. "म्हणजे तुझ्या पेट्या जवळच आहेत."

"ह्या उडून आल्यात म्हणजे असणारच."

"आणि ज्याने हलवल्या त्याला माश्यांतलं ओ की ठो कळत नाही!"

"तेच तर म्हणतेय मी मघापासून."

"मघापासून तू तोंड उघडलेलं नाहीस, मावशी."

"तू उघडू देतेस?"

तर अध्यक्ष नव्हे. जन्म माश्यांत घालवलेला माणूस ही चूक झोपेतही करणार नाही. मग कोण? वकीलबाईंनी नदीकडे पाहिलं. समोर लाल कौलं उन्हात चमकत होती. हाकेवर. पण गाडीने जाणाऱ्याला केवढा वळसा! जो चाकांवर अंतर मोजतो त्याला वाटणार, पुष्कळ लांब आणल्या आपण. माशी कुठे पुलावरून जाते?

आणि मग त्यांना सकाळचं ते वाक्य आठवलं. सहज, चहाच्या घोटाबरोबर आलेलं.

पलीकडचा काठ एकदम गुडूप झाला.

"मावशी," त्या सावकाश म्हणाल्या, "काल दिवे कुठले गेले?"

"आपले. अलीकडचे. मेणबत्तीने माझी उशी जाळलीस, विसरलीस?"

"आणि पलीकडे?"

"पलीकडे दिवाळीच होती, झगमगत होतं की सगळं!"

"मग पलीकडचा काठ गुडूप झालेला कुणाला दिसेल?"

मावशीने वळून समोरच्या लाल कौलांकडे बघितलं. न्यायाधीशांची गाडी बागेच्या फाटकातून आत वळत होती.

५

न्यायाधीश उंच, मितभाषी, उन्हाला वैतागलेले. मागोमाग सरकारी वकील, नाकेदार आणि 'बोलावलंय म्हणून आलो' अशा चेहऱ्याने अध्यक्ष. बागाईतदाराने सर्वांना खुर्च्या दिल्या.

सरकारी वकिलांनी वाकून डाग पाहिला आणि हसू आवरत म्हणाले, "फूल आहे, साहेब. इथलंच. आम्ही म्हणत होतो तेच."

"वकीलबाई?" न्यायाधीशांनी विचारलं.

"साहेब, पेट्या बदलल्यात. ते सिद्ध करायला मला एक वाडगाभर पीठ लागेल."

"पीठ?"

"आणि माझ्या मावशीला परवानगी. पेट्यांना ती हात लावणार नाही. फक्त पीठ लावेल, तेही माश्यांना."

सरकारी वकील खो खो हसले. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी मान हलवली.

मावशी चाळणी घेऊन पेट्यांच्या तोंडाशी बसली. आतून बाहेर पडणाऱ्या माश्यांवर तिने पीठ भुरभुरवलं. माश्या चिडल्या, फडफडल्या, आणि पांढऱ्याशुभ्र होऊन उडाल्या. काही झाडांत शिरल्या. पण कितीतरी जणी उंच चढल्या आणि सरळ नदीवरून पुढे निघाल्या. न्यायाधीश खुर्चीतून उठून काठापर्यंत त्यांच्या मागे गेले.

"चालल्या कुठे ह्या?"

"घरी," वकीलबाई म्हणाल्या. "कालपर्यंत त्यांच्या पेट्या जिथे होत्या तिथे. साहेब, गाडी काढायला सांगा. आपल्याला पुलावरून जावं लागेल. आपल्याला पंख नाहीत."

बागाईतदार म्हणाला, "मी थांबतो इथे, पाहुण्यांच्या चहाचं बघतो."

"नाही नाही," वकीलबाई गोड आवाजात म्हणाल्या, "तुम्हीच रस्ता दाखवा. मेहुणा तुमचा आहे."

६

लाल कौलांच्या घरामागे, जुन्या चादरींनी अर्धवट झाकलेल्या, मावशीच्या पेट्या उभ्या होत्या. नाकेदाराने चादर ओढली. कमान, कमान, प्रत्येकीवर कमान. आणि त्यांच्या तोंडाशी, चादरींवर, हवेत, पिठाने माखलेल्या पांढऱ्या माश्या आपलं घर शोधत भिरभिरत होत्या.

मेहुण्याने बागाईतदाराकडे पाहिलं, बागाईतदाराने जमिनीकडे.

"काल संध्याकाळी तुम्ही ह्या पेट्या टेम्पोत घालून इथे आणल्यात," वकीलबाई म्हणाल्या. "जाणाऱ्याला नाक्यावर कोणी विचारत नाही. इथल्या पेट्या गाडीत चढवत असतानाच समोरचा काठ अंधारात बुडाला. तो बघायला तुम्ही ह्याच काठावर होतात, म्हणून तुमच्या तोंडी तो 'पलीकडचा' झाला. स्वतःच्या घरी बसलेला माणूस म्हणाला असता, आमचे दिवे गेले. परतताना नाक्यावर कंदील सापडत नव्हता, आणि तुमचा टेम्पो रोजचाच. रिकामाच असतो म्हणून सोडला. काय हो नाकेदार?"

नाकेदाराच्या मिशा खाली आल्या होत्या. "सोडला, बाई," तो पुटपुटला.

"पण का हो?" मावशी पुढे झाली. तिच्या आवाजात राग कमी आणि दुखावलेपण जास्त होतं. "तुमची झाडं माझ्या माश्यांनी फळतात. तुम्हीच बोलावलंत मला!"

बागाईतदाराने घाम पुसला. "ताई, तुमच्या माश्यांशी माझं काही वाकडं नाही. माश्या मला हव्याच आहेत. पण तुम्ही जिंकलात तर कायदा जिंकतो. आज माश्या अलीकडे आल्या, की उद्या त्याच कायद्याचं बोट धरून पलीकडची सफरचंदं येणार. स्वस्त. इथे माझं फळ मग कोण घेणार?"

"तुमचं फळ तर रोज टेम्पो भरून पलीकडे जातं," वकीलबाई म्हणाल्या. "तुम्हाला पूल हवा होता, पण एकाच बाजूने."

सरकारी वकील खाकरले. हार मानणाऱ्यांतले ते नव्हतेच. "चोरी झाली, मान्य. पण साहेब, चोराने नदीपार नेल्या म्हणून मूळच्या पेट्या नदीपारच्या ठरत नाहीत. आणि बागेत असलेल्या फुलाच्या पेट्या तर निर्विवाद इथल्या, म्हणजे तिथल्या, म्हणजे..." ते अडखळले. कोणत्या काठावर उभं आहोत ते त्यांच्या आत्ता लक्षात आलं.

"निर्विवाद?" वकीलबाईंनी अध्यक्षाकडे वळून पाहिलं. "काका, आता तरी सांगा. पितळी पट्टीच्या पेट्या विकल्यात कुणाला?"

म्हाताऱ्याने आपल्या पांढऱ्या झालेल्या माश्यांकडे पाहिलं. त्याच्या खांद्यावर एक उतरली होती. त्याने ती झटकली नाही.

"ह्यालाच," तो मेहुण्याकडे बोट दाखवून म्हणाला. "आणि हा एकटाच नाही. पलीकडे भाव बरा मिळतो. वर्षानुवर्षं विकतोय, चोरून. बाहेरच्या पेट्या नकोत म्हणून भाषणं ठोकायची, आणि आपल्या बाहेर पाठवायच्या. शरम वाटत होती सांगायला. ह्या बाईच्या पेट्या मी मोहरीच्या हंगामात इथे पाहिल्यात, माझ्या डोळ्यांनी, गिऱ्हाइकाकडे आलो होतो तेव्हा. तिने माश्या अलीकडच्या काठावर घेतल्या हे खोटं आहे. तसं लिहून द्यायला मला ह्या बागाईतदाराने सांगितलं, आणि खोटं आहे हे ठाऊक असून मी सही केली."

मावशीने डोळे मिटून घेतले. मग तिने एवढा मोठा श्वास सोडला की शेजारची चादर हलली.

वकीलबाईंनी संधी सोडली नाही. त्या कोर्टात असल्यासारख्या ताठ उभ्या राहिल्या.

"तर साहेब, मावशीच्या पेट्या नदी ओलांडून बागेत आल्या. बदली ठेवलेल्या पेट्या अलीकडून पलीकडे विकल्या गेल्या आणि पलीकडून बागेत आल्या. ज्या पेटीवर हात ठेवाल तिने हद्द ओलांडलेली आहे. 'हा घरचा मामला' हे दाखवायला ज्याने खटाटोप केला, त्यालाही नदी ओलांडल्याशिवाय तो करता आला नाही! दोन राज्यांचा व्यापार म्हणजे आणखी काय असतं? आणि त्याचे नियम एका काठाने करायचे नाहीत, दोन्ही काठांचे लोक जिथे बसतात तिथे करायचे, म्हणूनच तर संसद आहे."

न्यायाधीशांनी सरकारी वकिलांकडे पाहिलं. वकिलांनी चष्मा काढला, पुसला, आणि ह्या वेळी तसाच परत लावला.

"निकाल रीतसर लिहीन," न्यायाधीश म्हणाले. "पण बाई, तुम्ही आजच पेट्यांना हात लावू शकता."

मावशीने हात लावला नाही. तिने आधी भाचीला मिठी मारली, पिठासकट. वकीलबाईंचा काळा कोट पांढरा झाला आणि त्यांना रडू फुटलं. सरकारी वकिलांसमोर, नाकेदारासमोर, सगळ्यांसमोर त्या लहान मुलीसारख्या रडल्या आणि हसल्या.

"चोंबडी ती चोंबडीच," मावशी त्यांच्या पाठीवर थोपटत म्हणाली. "देवाने नाक दिलं ते वाया नाही गेलं."

निकालात मावशीच्या परवान्यापुढे राज्याचा फतवा टिकला नाही. सफरचंदाचा बहर तिने शेजारच्या बागेत पुरा केला. अध्यक्षाने संघात उभं राहून सगळं कबूल केलं, आणि गंमत म्हणजे निम्म्या सभासदांनी खाली माना घातल्या. तेही पलीकडे विकत होते.

बहर सरला तसा मावशीचा ट्रक पेट्या घेऊन नाक्यावर आला. शेजारी भाची बसली होती, सुट्टी काढून. नाकेदार वही घेऊन पुढे आला. आता जाणाऱ्यांनाही तो विचारू लागला होता. बटण नवं होतं.

"कुठून आलात?" त्याने रीतसर विचारलं.

"पलीकडून," मावशी म्हणाली.

"आणि चाललात कुठे?"

"पलीकडे!"

नाकेदार पेन धरून क्षणभर घोटाळला. मग मिशीतल्या मिशीत हसला, वही काखेत मारली आणि दोन्ही हातांनी आडवा बांबू वर उचलला.